खाड्यांची वही

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. सदाशिव पेठेत सकाळी साडेअकराला स्वतःचा डबा स्वतः न्यायला येणारे आणि रोज न चुकता ‘भाजीत गूळ कमी घाला’ म्हणणारे निवृत्त बँकवाले काका असे कितीसे असतील, हा प्रश्न वेगळा.

आभाराचं पत्र असं चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की गेल्या महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या तीन मेसवाल्या माझ्याकडे कर्जाचं रडगाणं घेऊन आल्या. मी तुमचंच सगळं त्यांना सांगितलं आणि तिघींनीही विचारलं, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ एकदा सगळ्यांना मिळून सांगून टाकते.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही दोघांच्या नावावर ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं. शेजारची खोली भाड्याने घेतली, कणीक मळायचं मशीन आणलं, डीप फ्रीझर आणला. १५ टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता ११,८९५. नव्वद पोरं जेवत होती, तेव्हा त्या आकड्याचं काही वाटत नव्हतं. जानेवारी-फेब्रुवारीचे हप्ते गेले आणि मार्चमध्ये कोरोना आला तशी पोरंच गावी गेली. ती ज्यासाठी पुण्यात राहत होती ती ५ एप्रिलची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, खोल्यांना कुलपं लागली. एका पोराने जाताना गादी-चादर आमच्याकडे ठेवली होती, ती अजून माळ्यावर आहे.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची सवलत दिली होती. आम्ही तिला माफी समजलो. सप्टेंबरात ह्यांनी स्टेटमेंट काढलं तर बाकी ५ लाख २६ हजार. घेतले होते पाच, भरले होते दोन हप्ते, आणि बाकी वाढलेली! व्याज सगळं मुद्दलात जाऊन बसलं होतं. पुढे नोव्हेंबरात सरकारने व्याजावरच्या व्याजाचा फरक परत दिला, आमच्या खात्यात हजार-अकराशे आले. त्याचं मी तूप आणलं.

डब्यांवर कसंबसं मार्च २०२१ पर्यंत हप्ते भरले. १४ मार्चची परीक्षा पुन्हा ढकलल्यावर पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली होती, आठवतं? त्या गर्दीत आमचीही आठ-दहा होती. ती परीक्षा २१ तारखेला झाली, आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट. तीन हप्ते चुकले. बँकेच्या माणसाचा फोन आला की मी फोन पिठाच्या डब्याच्या मागे ठेवायचे. जणू तिथून आवाज येत नाही.

जुलैत तुम्ही डबा घ्यायला आलात, तेव्हा मी खाड्यांची वही लिहीत होते आणि हात थरथरत होता. काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत. खुर्ची ओढलीत, वही स्वतःकडे फिरवलीत आणि एका नावावर बोट ठेवलंत.

‘वहिनी, हा पोरगा कसा आहे?’

‘चांगला आहे. महिन्यातून दोन-तीन खाडे असतात, पण आदल्या दिवशी सांगतो.’

‘आणि हा?’

‘हा न सांगता गायब व्हायचा. शेवटी दोन महिन्यांचे पैसे बुडवून गावी गेला.’

‘उद्या दोघंही परत आले तर कोणाला उधारीवर जेवायला घालाल?’

मग खिशातून पेन्सिल काढून कालनिर्णयाच्या फाडलेल्या पानामागे तुम्ही रकाने आखलेत. प्रत्येक कर्जाची बँक अशीच वही ठेवते म्हणालात. महिन्याला एक चौकोन, त्यात हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा. वेळेवर आला तर तीन शून्यं. मग ३०, ६०. ९० च्या पुढे गेलं की खातं थकलेलं, म्हणजे एनपीए. ही वही बँक कर्जदारांच्या फायली ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना पाठवते. अशा चार कंपन्या आहेत, सिबिल ही त्यांतली एक, हेही मला तेव्हाच कळलं. आपल्याकडे सगळ्याच फायलींना सिबिल म्हणतात. आणि कर्ज दोघांच्या नावावर असल्यामुळे माझे खाडे जसेच्या तसे ह्यांच्याही फायलीत. हे ऐकून हे आतल्या खोलीतून बाहेर आले होते.

‘सांगून टाकलेला खाडा’ हा शब्द मग तुम्हीच काढलात. रिझर्व्ह बँकेची त्या वर्षी मे महिन्यात आलेली योजना होती, ३१ मार्च २०२१ ला ज्यांचं खातं थकीत झालेलं नव्हतं त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत बँकेकडे जाऊन हप्ते नव्याने बांधून मागता येत होते, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांनी वाढवून. मार्चपर्यंतचे हप्ते मी तूरडाळ कमी करून भरले होते, ते असे कामी आले. अर्ज तुम्ही सांगितलात, लिहिला मी. ‘दया करा’ हे वाक्य तुम्ही तीनदा खोडलंत. ‘मेसचे डबे ९० वरून १४ वर आले, दरमहा १०,००० पर्यंत भरू शकते, पुढीलप्रमाणे,’ एवढंच ठेवलंत.

हप्ता ११,८९५ वरून ९,९०० झाला. जवळपास दोन हजार सुटले, म्हणजे एका मोठ्या सिलिंडरचे पैसे. पण तुम्ही मला आनंदात बुडू दिलं नाहीत, आणि त्याबद्दल मला जास्त आभार मानायचेत. त्याच कागदावर तुम्ही उरलेले ८२ हप्ते गुणिले ९,९०० केलंत. आठ लाखांच्या वर. ‘हे स्वस्त नाही वहिनी. कर्ज २०२८ पर्यंत लांबलं. फायलीत रिस्ट्रक्चर्ड, म्हणजे हप्ते नव्याने बांधून दिलेलं, असा शिक्का बसेल, तो बघून एखादी बँक तोंड फिरवेल. पण इथून पुढचे चौकोन शून्याचे ठेवणं तुमच्या हातात आलं.’ बँकेतल्या माणसाने शिक्क्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आता कबुली. तुमच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती.

दुसऱ्या एका बँकेचं क्रेडिट कार्ड होतं. त्यावर किराणा, डिपॉझिट, सगळं ओढून १ लाख ४० हजार झाले होते. वसुलीवाला रोज यायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो म्हणाला, ‘ताई, ६० हजार भरा, विषय संपला.’ सासूबाईंच्या पाटल्या गहाण टाकून भरले. विषय संपला म्हणून देवापुढे साखर ठेवली. तुम्ही जुलैत रकाने आखत होतात तेव्हा मनात म्हणत होते, बरं झालं, ते एक तरी मिटलं.

२०२३ मध्ये मेस पुन्हा साठ-सत्तर डब्यांवर आली. जुन्या वाड्यातून रस्त्यावरच्या गाळ्यात जायचं ठरवलं आणि डिपॉझिटसाठी अर्ज केले. एका आठवड्यात चार ठिकाणी, त्यांतले दोन मोबाइलच्या ॲपवर. चारही नामंजूर. तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही आधी त्या चार अर्जांवर रागावलात. प्रत्येक अर्जाची चौकशी फायलीत नोंदवली जाते, आणि आठवड्यात चार दारं ठोठावणारा माणूस अडलेला दिसतो. स्वतःची फाइल स्वतः पाहिली तर काही उतरत नाही, आणि प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा ती फुकट मिळते. मी मात्र तोपर्यंत एकदाही पाहिली नव्हती.

तुम्ही भिंग घेऊन बसलात. फायलीवरून पत जोखणारा स्कोअर ६१२, म्हणजे कमीच. वैयक्तिक कर्जाच्या खात्यात २०२१ चे ते तीन महिने सोडले, तर पुढे ०००, ०००, ०००, ओळीने. आणि खालच्या कार्डाच्या खात्यापुढे ‘सेटल्ड’. तुम्ही चष्मा काढलात आणि माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता ओरडा बसणार. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘पाटल्या सोडवल्या का?’

सेटल्ड म्हणजे मिटलं असं आपल्या कानाला वाटतं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, या बाईने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही ८० हजारांवर पाणी सोडलं. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ येतं. एका शब्दाचा फरक, आणि सही करताना तो मला कोणी वाचून दाखवला नाही. तुम्ही मात्र तेव्हाही म्हणालात, की घरात चूल पेटत नसेल तर सेटलमेंट करण्यात पाप नाही, फक्त काय विकत घेतोय ते ठाऊक असावं. हे मी त्या तिघींना शब्दशः सांगितलं. एकीला करण्यावाचून गत्यंतर नाही. तिला म्हटलं कर, पण पत्र लेखी घे.

‘तीन दिवसांत सिबिल क्लिअर’वाल्या माणसाला मी ५ हजार द्यायला निघाले होते, ते तुम्ही जिन्यातच थांबवलंत. खरी नोंद पैसे देऊन कोणी पुसत नाही.

मग बँकेला पत्र, उरलेली रक्कम भरायची आहे म्हणून. तीन शाखांच्या खेपा, कारण कार्डाचं खातं कुठे आहे हे शाखेलाच माहीत नव्हतं. मार्च २०२४ मध्ये भिशीचे आणि साठवलेले मिळून ८० हजार भरले, नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं, पत्र हातात आलं. एप्रिल गेला, मे उजाडला, फायलीत अजून सेटल्डच. तेव्हा तुमच्या अंगात जुना बँकवाला संचारला. तक्रार लिहिताना तुम्ही नियमच घातलात: तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, २६ एप्रिल २०२४ पासून लागू. चोविसाव्या दिवशी नोंद बदलून क्लोज्ड झाली. भरपाई हुकली याची तुम्हाला झालेली हळहळ मी विसरणार नाही. ‘आणखी आठवडाभर झोपले असते तर गुळाचे पैसे निघाले असते.’

स्कोअर उडी मारून वर गेला असं काही झालं नाही. तो इंचाइंचाने चढला. अहवालात मागचे ३६ महिने दिसतात, त्यामुळे २०२१ चे ते तीन खाडे एकेक करत यादीबाहेर गेले. दर तीन-चार महिन्यांनी बघायचे आणि जुन्या वहीचं पान उलटल्यासारखं वाटायचं. हाताशी जास्त आलं की मुद्दलात भरत गेले, आणि २०२८ पर्यंतचं ते कर्ज मागच्या दिवाळीत संपवलं.

गाळ्यासाठी पुन्हा अर्ज केला, या वेळी एका वेळी एकच. पहिल्या बँकेने रिस्ट्रक्चर्ड शब्द पाहिला आणि फाइल बाजूला सरकवली, तुम्ही म्हणाला होतात तसंच. दुसरीकडच्या बाईंनी विचारलं, ‘हे २०२१ मध्ये काय झालं होतं?’ मी म्हटलं, ‘मेस होती, पोरं गेली.’ त्यांनी पेनाच्या टोकाने पुढचे चौकोन मोजले. सगळे मोजले, मी बघत होते. ३ लाख मंजूर झाले.

मंजुरीचं पत्र घेऊन तुमच्या दाराशी आले तर कुलूप. मुलाकडे नागपूरला गेलात ते परवा कळलं. निदान सांगून जायचं होतंत. गाळ्यात ओटा बसलाय, पाण्याची लाइन यायचीय. तुमचा डब्बल झाकणाचा डबा मी घासून फळीवर ठेवलाय. आणि वहीत तुमच्या नावापुढे जूनचे चार खाडे दिसतायत, न सांगता पडलेले. त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. परत आलात की चार दिवस जास्तीचं जेवून वळते करा. गूळ कमी घालीन.

तुमची,
मेसवाली वहिनी