सागरच्या गाडीचा नंबर आधी उतरवायचा, मग गाडी विकायची

लेस्टर, इंग्लंड

ति. दादांस,
सा. न.

फोनवर तुम्ही म्हणालात, "गाडी गेली की नंबर गेला, त्यात वेगळं काय विकायचं?" आपल्या सोलापूरच्या एमएच १३ ला ते खरं आहे. विजापूर रोडच्या आरटीओत फी भरून पसंतीचा नंबर घेता येतो, पण पुढे तो परस्पर दुसऱ्याला विकण्याची सोय नाही. इथे मात्र नंबर हा गाडीपासून वेगळा हक्क धरतात. मालकी सरकारचीच राहते, पण तो नंबर लावायचा हक्क विकता येतो. म्हणून सागरने डीलरला नंबरासकट गाडी देऊ नये. एकदा कागद डीलरच्या नावावर झाला की नंबरही त्याचा झाला, मागून काही करता येत नाही. गाडी भंगारात काढली किंवा कायमची देशाबाहेर पाठवली तरी तेच होतं.

सागरचा नंबर पीए ७१ एलने (PA71L) सुरू होतो. ७ ला टी आणि १ ला आय मानलं की 'पाटील' वाचता येतं. आपल्याकडे ४१४१ मध्ये 'दादा' आणि २१४ मध्ये 'राम' बघतात, तीच हौस. पण ७१ या आकड्याला इथे अर्थ आहे. सप्टेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात नोंदलेल्या गाडीचा तो आकडा. गाडी असेल त्यापेक्षा नवी भासेल असा नंबर लावू देत नाहीत. म्हणजे २०१९ ची गाडी असलेल्या पाटलाला हा नंबर आवडून उपयोग नाही, त्याला तो लागणारच नाही. जाहिरातीतच हे लिहावं, निम्मे फुकटचे फोन वाचतील.

आता नंबर उतरवायचा, म्हणजे गाडीवरून काढून स्वतःकडे राखून ठेवायचा, तो कसा. गाड्यांची नोंद ठेवणारं खातं वेल्समधल्या स्वान्सीत आहे, डीव्हीएलए. काम ऑनलाइन होतं, फी ८० पौंड. हातात गाडीचं नोंदणीपुस्तक लागतं, व्ही ५ सी म्हणतात ते, आणि त्यावर सागरचंच नाव हवं. गाडीचा टॅक्स भरलेला हवा, किंवा ती रस्त्यावर नाही अशी रीतसर नोंद केलेली हवी. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालणारीही हवी. बंद पडलेल्या गाडीवरचा नंबर अडकून बसतो तो इथे. गाडी कर्जावर असेल तर कर्ज कंपनीला आधी कळवावं.

अर्ज पुरा झाला की गाडीला बदली नंबर मिळतो, बहुतेक वेळा तिचा मूळचाच. त्या क्षणापासून जुन्या पाट्या घालून गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणून अर्ज करताना गाडी घरासमोर उभी असावी, कामावर जायच्या घाईत हे करू नये. नव्या पाट्या बनवणारा ओळखपत्र आणि नंबराचा हक्क दाखवणारा कागद बघितल्याशिवाय हात लावत नाही. पाट्या बसल्या की त्याच दिवशी विमा कंपनीला नवा नंबर कळवायचा. पार्किंगचा परवाना असेल तर तिथेही. ही गोष्ट हमखास राहून जाते, आणि नंतर दंडाची पत्रं येत बसतात. बदली नंबराचं नवं व्ही ५ सी पोस्टाने आलं की मगच गाडी विकायला काढावी.

पोस्टाने दुसरा एक कागद येतो, व्ही ७७८. दादा, सगळा जीव या कागदात आहे. नंबर हातात राखून ठेवल्याचा तो दाखला. त्यावर एक संदर्भ क्रमांक असतो आणि तो ज्याच्या हाती लागला तो घरबसल्या नंबर स्वतःच्या गाडीवर चढवू शकतो. "खरा आहे का बघू, फोटो पाठवा" म्हणणारे भेटतात. फोटो पाठवायचाच नाही. पाठवलाच तर संदर्भ क्रमांक पूर्ण झाकून. घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकू नका.

दाखला १० वर्षं चालतो, त्यामुळे पडत्या भावात द्यायची गरज नाही. मुदत संपायच्या आत नूतनीकरण केलं नाही तर मात्र हक्क कायमचा जातो. सागर गड्ड्याच्या यात्रेआधी कायमचा सोलापूरला यायचं म्हणतोय, मग इथल्या पत्त्यावर आलेली पत्रं कोण बघणार? म्हणून निघायच्या आत व्यवहार उरकलेला बरा.

भावाबद्दल. इंटरनेटवर नंबर टाकला की फुकट किंमत सांगणारे बरेच आहेत. तो आकडा खरा धरू नका, गिऱ्हाईक जाळ्यात ओढायला तो फुगवलेला असतो. २०१४ साली '२५ ओ' हा नंबर लिलावात ४ लाख पौंडांना गेला, पण ओ ला शून्य मानून तो फेरारी २५० वाल्यांच्या कामाचा होता. दोन-तीन अक्षरी जुन्या नंबरांची गोष्ट निराळी. 'पाटील' वाचायला मागे आणखी दोन अक्षरं नजरेआड करावी लागतात. 'पटेल' असता तर लेस्टरमध्ये उचलून नेला असता. पाटलांची संख्या इथे कमी, म्हणून थोडा धीर धरावा लागेल. डीलरच्या जाहिरातीतल्या भावावर पुष्कळदा २० टक्के व्हॅट आणि ८० पौंड वेगळे चढतात. सागर खासगी विकणारा, त्याला व्हॅट नाही, आणि त्याने भरलेल्या ८० पौंडांतच नंबर पुढच्या गाडीवर चढवायची फी धरलेली आहे. हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगितलं की घासाघीस कमी होते.

देवाणघेवाण समोरासमोर बसून करावी. घेणाऱ्याने त्याच्या गाडीचा नंबर आणि त्याच्या व्ही ५ सी वरचा ११ आकडी संदर्भ क्रमांक द्यायचा. पैसे बँकेतून बँकेत. समोरच्याने मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, चेकही नको. सागरने स्वतःचं खातं उघडून रक्कम जमा झालेली बघावी आणि मग स्वतःच्या हाताने ऑनलाइन नंबर त्या गाडीवर चढवावा. काही मिनिटांचं काम. व्ही ७७८ चा क्रमांक समोरच्याला सांगायची वेळच येत नाही. "ठरल्यापेक्षा जास्त पाठवतो, उरलेले परत करा" असं कुणी म्हणालं तर तिथेच उठावं.

आणखी एक. त्याच्या आताच्या पाटीवर ७ आणि १ एल जवळ सरकवून मधे काळा स्क्रू मारलाय, नाव ठळक दिसावं म्हणून. नियमाने अक्षर ७९ मिलिमीटर उंच, दोन अक्षरांत ११ आणि दोन गटांत ३३ मिलिमीटर जागा हवी. तशी नसलेली पाटी तपासणीत नापास होते, १,००० पौंडांपर्यंत दंड होतो आणि डीव्हीएलए नंबरच काढून घेऊ शकतं. जो नंबर विकायचा तोच गमावण्यासारखं आहे हे. पाटी आजच बदलायला सांगा, आणि जाहिरातीत तिचा फोटो नको.

डीलरकडे सही करायच्या आधी त्याला मला फोन करायला सांगा. तुमचं तो ऐकतो. वहिनींना नमस्कार, आणि शेंगाचटणी या खेपेला जरा जास्त पाठवा.

तुमचा,
बाळू