कोकराची मांडी आणशील तेव्हा

प्रिय सुहास,

घाऊक दुकानातून कोकराची अख्खी मांडी आणायची म्हणतोस, जरूर आण. फक्त आणशील त्या दिवशी तासभर मोकळा ठेव. अशा खरेदीचं सोनं होणार की माती, ते त्या तासात ठरतं.

घेताना हवाबंद पाकीट चाचपून बघ. प्लास्टिक मांसाला घट्ट बसलेलं हवं. फुगलेलं किंवा सैल असेल तर परत ठेव. रंग जांभळट दिसला तरी बिचकू नकोस, आत ऑक्सिजन नसल्यामुळे तसा दिसतो. पाकीट फोडल्यावरचा उग्र वास पंधरा-वीस मिनिटांत उडतो. त्यानंतरही आंबूस वास आला किंवा मांस बुळबुळीत लागलं, तर ते शिजवू नकोस. आधी गोठवलेलं आहे का, हेही लेबलवर बघ. असलं मांस पुन्हा गोठवलं की पाणी सोडतं आणि कोरडं होतं.

बिनहाडाची मांडी बहुधा जाळीत गुंडाळलेली असते. जाळी कापून ती सपाट उघड. एकीकडे २ सेंटिमीटर आणि दुसरीकडे ७, अशी जाडी दिसेल. अशीच भाजलीस तर पातळ भाग वातड होतो तेव्हा जाड भाग अजून कच्चाच असतो. म्हणून स्नायू सुटे कर. त्यांच्या मधल्या पांढऱ्या पडद्यात बोट सरकवलं की ते बरेचसे आपसूक सुटतात, सुरी लागते ती टोकांना. चरबीच्या एका गोळ्यात करडी गाठ सापडेल, ती चरबीसकट काढून टाक. चंदेरी पापुद्राही सोल. भाजताना तो आकसतो आणि तुकडा वाकडा होतो. बाहेरची चरबी ३-४ मिलिमीटरच ठेव. हे मात्र मनापासून सांगतो, कंटाळा करू नकोस. काहींना न सोसणारा कोकराच्या मांसाचा खास वास मुख्यतः चरबीत असतो आणि निवल्यावर हीच चरबी मेणासारखी टाळूला चिकटते.

मोठे स्नायू भाजायला राखून ठेव, पायाकडचा शिरांचा भाग मंद आचेवर शिजवायला, कातरण खिम्याला. एका वेळेपुरते भाग कर, हवा दाबून काढ, तारीख लिही आणि उणे १८ अंशांवर ठेव. मोठा तुकडा फ्रीजमध्ये वितळायला पूर्ण दिवस धर. ओट्यावर ठेवलास तर आतला बर्फ जाईपर्यंत बाहेरची बाजू खराब व्हायला लागते.

भाजायच्या आदल्या रात्री किलोला १२ ग्रॅम मीठ चोळून तुकडा फ्रीजमध्ये उघडाच ठेव. पृष्ठभाग सुकला की रंग छान चढतो. ओव्हन १२० अंशांवर, थर्मामीटर सर्वांत जाड भागात. घड्याळावर विसंबू नकोस. ६० अंशांना बाहेर काढ, कडक तव्यावर प्रत्येक बाजू मिनिटभर परत आणि दहा मिनिटं तसाच राहू दे. तेवढ्यात तापमान आणखी चढतं. ६३ झालं ना, ते तपासून घे. खिम्याला मात्र ७१ हवेत, कारण वरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात. जाळीतली मांडी न उघडता भाजायची असेल तर तिथेही सावध राहा; गुंडाळताना बाहेरची बाजू आत गेलेली असते.

खांदा आणलास तर हिशेब उलटा. त्याच्या मांसातले चिवट पडदे विरघळायला वेळच लागतो. घट्ट झाकून १५० अंशांवर तीन-चार तास, आतलं तापमान ९० पार. काटा घातल्यावर मांस अडलं तर ते अजून झालेलं नाही, आणखी अर्धा तास दे.

मांडी कापताना मांसाचे धागे कोणत्या दिशेला आहेत ते आधी बघ, आणि त्यांना आडवी सुरी चालव.

तुझा,
अविनाश