बाबांच्या पंच्याहत्तरीला मी नसेन, म्हणून हे पत्र

फ्रीमाँट, ८ जून

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई, तू रडतेस आणि बाबा लगेच "घे, दादाशी बोल" म्हणून फोन त्याच्या हातात देतात. म्हणून लिहिते आहे. दादाला मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय. बाबा, संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मालिका लागायच्या आत आईला वाचून दाखवा.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. मी बर्कली विद्यापीठात प्रवेश घेतला. १ जूनपर्यंत होकार कळवायचा होता, मी चार दिवस आधीच कळवून अनामतही भरली. वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात आणि परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर संपतात. म्हणजे ऑक्टोबरात बाबांच्या पंच्याहत्तरीला मला येता येणार नाही.

तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. विचारलं असतं तर "आमचं काय, तू शिक" असंच म्हणाला असता आणि मग दोघं रात्री जागे राहिला असता. तसं नको होतं मला. न येण्याचा निर्णय माझा आहे, तुम्ही दिलेल्या परवानगीचा नाही. राग आला तर माझ्यावर काढा.

दादाने विचारलं, डेव्हिसची जागा पक्की होती तर ती का सोडली? बाबांनाही तेच वाटलं असणार, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस का लागली. म्हणून सगळं नीट सांगते. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, माझ्यासारख्या कुणालाही शिकता येतं. इथल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर फी. साठ युनिटं आणि ठरलेले विषय झाले की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या तिसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पदवीचे नऊ कॅम्पस आहेत, त्यातले सहा हमी देतात: विषय अमुक, सरासरी अमुक, मग जागा तुमची. डेव्हिस त्या सहांत आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत. सप्टेंबरात डेव्हिसची हमी मागून ठेवली आणि नोव्हेंबरात एकाच फॉर्मवर डेव्हिसबरोबर बर्कलीचाही अर्ज भरला, त्यामुळे हातचं काही सुटलं नव्हतं. एप्रिलमध्ये दोन्हीकडून होकार आल्यावरच निवडलं.

डेव्हिस चांगलंच आहे. पण आगगाडीने जायला दोन तास आणि यायला दोन. तुमची नात आता सहावीत जाईल, तिला ज्या वयात आई घरी हवी तेच हे वय. बर्कलीला फ्रीमाँटहून बार्टची, म्हणजे इथल्या लोकलची, गाडी थेट जाते, न बदलता, पाऊण तासात. उतरलं की विद्यापीठ पायी पाच-सात मिनिटांवर. आई, इथे लोकलसारखी चेंगराचेंगरी नसते, फ्रीमाँटला तर बसायला जागा मिळते. डबा घरून नेणार. मंगळवारी आणि गुरुवारी जावई घरून काम करतात, पोरीला शाळेतून तेच आणतील. माझे उशिराचे तास मी त्याच दिवशी ठेवणार आहे. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, कणीक सकाळी भिजवायची. तिथे वारा फार असतो म्हणून तू विणलेला निळा स्वेटर कपाटातून बाहेर काढलाय. मी उपाशी राहणार नाही आणि पोरही राहणार नाही.

आता बाबांशी बोलायचंय.

बाबा, दादाने मला सांगितलं. "माझ्या दुखण्यापायी पोरीचे मार्क गेले," असं तुम्ही वहिनीपाशी म्हणालात. हे पुन्हा म्हणायचं नाही. त्या फेब्रुवारीत मिरजेला तीन आठवडे राहून मी परत आले तेव्हा गणित पार हातातून गेलं होतं, म्हणून तो विषय मी सोडला. गुणपत्रिकेत तिथे 'डब्ल्यू' आहे. विषय मध्येच सोडला एवढाच त्याचा अर्थ, सरासरीत तो धरत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसले आणि 'ए' मिळवला. केमिस्ट्रीत 'सी' आला तो मात्र कायमचा राहिला, कारण एकदा पास झालेला विषय पुन्हा घेऊ देत नाहीत. त्या एका सत्राने सरासरी चारापैकी ३.६ वर आली. बर्कलीला अर्ज करणाऱ्या चौघांतल्या साधारण एकालाच घेतात आणि त्यातल्या पुष्कळांचे आकडे माझ्याहून चांगले असतात. म्हणून मी धरूनच चालले होते की होणार नाही.

फॉर्मवर आणखी काही सांगायचं असल्यास एक मोकळा चौकोन असतो. त्यात मी सरळ लिहिलं: वडिलांची अँजिओप्लास्टी होती, मी भारतात होते, परत आल्यावर गणित पुन्हा घेतलं. त्यापुढे एक शब्द नाही. रडगाणं वाटेल असं काही लिहायचं नाही हे मनाशी पक्कं होतं.

आयसीयूतून बाहेर आल्यावर तुम्ही पहिलं काय विचारलंत आठवतं का? "तुझी परीक्षा कधी आहे?" ओठ कोरडे पडले होते आणि हाताला सुई होती. ते तीन आठवडे मी कशासाठीही सोडले नसते. वर्षभर फी भरून सगळे 'ए' मिळाले असते आणि तुमच्या उशाशी मी नसते, तर ती गुणपत्रिका मला बघवली नसती.

आणि जुनी गुणपत्रिका. जिथे जिथे शिकलो ते प्रत्येक कॉलेज लिहावंच लागतं, परदेशातलंसुद्धा. पुढे लपवलेलं सापडलं तर प्रवेश रद्द होतो. मी माळ्यावरच्या ट्रंकेतून बी.एस्सी.चे कागद काढायला सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही हळूच विचारलंत, "ती एटीकेटीची दाखवलीच पाहिजे का?" चाळीस वर्षं हळदपेठेत दुसऱ्याच्या वह्या लिहिल्यात, कधी चार आण्यांची खाडाखोड केली नाहीत. हे तुम्ही माझ्यासाठी विचारत होतात, मला त्या रात्री झोप आली नाही. मी फिजिक्सला नापास झाले होते, ते तसंच लिहिलं. आणि दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबलं, एवढंच. का थांबलं ते लिहिलं नाही, कारण ते आपल्या घरातलं आहे. आई, "आम्हीच तुझं शिक्षण तोडलं" असं तू दर दिवाळीत म्हणतेस. काकूंनी ते स्थळ आणलं तेव्हा हो मीही म्हणाले होते. वीस वर्षांची होते, पण म्हणाले होते. त्या मे महिन्यासाठी कुणी कुणाची माफी मागायची नाही.

निवड कशाने झाली ते त्यांनी कळवलेलं नाही, कळवतही नाहीत. पण मला वाटतं, ते कॅलेंडर कामी आलं. चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी ३५० शब्दांत. हा विषय घ्यायला तयारी काय केली, हा एक प्रश्न सगळ्यांना सक्तीचा. मी पर्यावरण विज्ञान मागितलं होतं. वर्गातल्या प्रयोगांबद्दल दोन वेळा लिहून फाडलं. मग बाबांच्या कालनिर्णयबद्दल लिहिलं: दर पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने मांडायची, कोयनेचा विसर्ग पेपरात आला की तो खाली बारीक अक्षरांत. सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मला बसवून पुलावर न्यायचात, खांबावरचा आकडा मी वाचायचा आणि तुम्ही "नक्की?" विचारायचं. माझं पाहिलेलं तुम्ही वहीत लिहायचात, खोडत नव्हतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं त्या आठवड्यातले चौकोन कोरे आहेत, कारण तेव्हा तुम्ही दोघं दादाकडे होतात आणि कॅलेंडर भिंतीसकट पाण्यात. ते कोरे चौकोनही मी लिहिले. ते लिहिताना वाटलं, मी पंचवीस वर्षांनी कुठून तरी परत येत नाहीये, मी तिथेच होते.

आता ऐका, दोघंही.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आई, गुडघ्याचा पट्टा खुंटीवर टांगण्यासाठी आणलेला नाही. कोपऱ्यावरच्या मुलाला सांगून दूध वर मागवायचं, जिना उतरायचा नाही. एफडी मोडायची नाही. फीचं आम्ही दोघांनी बसून जुळवलंय, वहीत मांडलंय, हवी तर प्रत पाठवते, बाबांनी तपासावी. आणि यंदा पुलाला पाणी पस्तीसला लागलं की विश्रामबागेत दादाकडे जायचं. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा चाळीसची वाट बघत बसायचं नाही. कागद, औषधं आणि आईचे देव आधीच एका पिशवीत भरून ठेवा.

मी रागावून लिहिते असं वाटलं तर पुन्हा वाचा. इथे रात्री अकराला तुमच्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. बाबांचं जेवण झालं असेल का, आई पहिली भाकरी त्यांनाच वाढून स्वतः उभ्याउभ्या खात असेल का, असलं काहीतरी मनात येत राहतं.

पंच्याहत्तरीची शांत तिथीलाच करा, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. दादा-वहिनी बसतील पूजेला. मी फोनवर पूर्ण वेळ असेन, इथे रात्र असली तरी. बाबा, औक्षण होताना चष्मा काढू नका, मला डोळे दिसायला हवेत. आणि २० डिसेंबरला आम्ही तिघं येतोय, तिकिटं काढली आहेत. तीन आठवडे. तेव्हा आई, पंच्याहत्तर दिवे पुन्हा लावायचे आणि पुरणपोळ्या मी करणार, तू फक्त बसून सांगायचं.

वहिनीला सांगा, मेतकूट संपलंय, पण आत्ता पाठवायची घाई नको, डिसेंबरात नेईन. जावयांचा आणि नातीचा नमस्कार. तिने आजोबांसाठी बार्टचा नकाशा काढलाय, फ्रीमाँट ते बर्कली, मधली सगळी स्टेशनं तिच्या अक्षरात. सोबत जोडलाय.

तुमची
छोटी

ता. क. बाबा, जूनपासून रोजची पातळी लिहायला विसरू नका. गेल्या वर्षी मधले नऊ दिवस राहिले होते, तेव्हा तुम्हाला बरं नव्हतं. डोळ्यांना त्रास झाला तर आईला लिहायला सांगा, तिचं अक्षर मला वाचता येतं. डिसेंबरात मी हे कॅलेंडर बरोबर घेऊन जाणार आहे.