तीन वाहिन्या आणि एक शनिवार

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या शनिवारच्या पुरवणीत जुन्या काळच्या टीव्हीवर लेख होता. पूर्वी परदेशातसुद्धा दोन-तीनच वाहिन्या होत्या, त्यामुळे लोकांना ताटात पडेल ते निमूट पाहावं लागे, असं त्यात म्हटलं आहे. मी १९७४ साली इंग्लंडमध्ये, लेस्टरला होते. मला हे पटलं नाही. का, ते एका शनिवारावरून सांगते.

तारीख ६ एप्रिल १९७४.

त्याच वर्षी जानेवारीत मी लग्न होऊन तिकडे गेले होते. खाणकामगारांचा सरकारशी झगडा चालू होता. कोळसा नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून कारखाने आठवड्यातून तीनच दिवस. त्या हिवाळ्यात काही आठवडे टीव्हीसुद्धा रात्री साडेदहाला बंद करायचा हुकूम होता. मार्चमध्ये संप मिटला, दिवे आले. एप्रिलपर्यंत आमच्या खोलीत भाड्याचा टीव्ही आला, तोही काळा-पांढरा. रंगीत टीव्हीचा परवाना वर्षाला १२ पौंड, साध्याचा ७ पौंड, म्हणजे विचार करायचं कारणच नव्हतं. टीव्हीच्या मागच्या बाजूला नाणी टाकायची पेटी होती. नाणं टाकलं की टीव्ही चालायचा, पैसे संपले की बंद.

वाहिन्या तीन : बीबीसीच्या दोन आणि खासगी आयटीव्ही. कुठे काय आहे हे कळणंही सोपं नव्हतं. 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकात आठवड्याचे फक्त बीबीसीचे कार्यक्रम, 'टीव्ही टाइम्स'मध्ये फक्त आयटीव्हीचे. १९९१ पर्यंत हे असंच चाललं. दैनिकांना ज्या त्या दिवसाचेच कार्यक्रम छापायची मुभा होती, शनिवारी मात्र रविवारचेही. म्हणून आमच्या घरी शनिवारचा पेपर रद्दीत जात नसे, सोमवारपर्यंत टीव्हीवर घडी करून ठेवलेला असे.

त्या दिवशी खोलीत आम्ही दोघं, शेजारच्या इंग्रज आजी, आणि हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर कंपालाहून आलेल्या एक गुजराती बेन, त्यांच्या दोन मुलांसह. टीव्ही आमच्याकडे होता म्हणून सगळे आमच्याकडे.

दुपारी बीबीसीवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची नौकाशर्यत. लंडनला थेम्स नदीत पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत, पावणेसात किलोमीटरच्या आसपास. ऑक्सफर्डचा निळा गडद, केंब्रिजचा फिका, आमच्या पडद्यावर दोन्ही राखाडी. आजी बोट ठेवून सांगत होत्या, हे आपले, ते त्यांचे. त्या विद्यापीठाच्या आसपासही कधी गेलेल्या नव्हत्या, तरी 'आपले' ऑक्सफर्डवाले. केंब्रिज सलग सहा वर्षं जिंकत आलेलं. त्या दिवशी ऑक्सफर्डने १७ मिनिटं ३५ सेकंदांत शर्यत मारली, तोवरची सर्वांत वेगवान.

चारला आयटीव्हीवर कुस्ती. ही दर शनिवारची ठरलेली. आमचे हे पुण्याच्या तालमीत वाढलेले, लाल मातीतले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, ही नुरा कुस्ती आहे. पण मिक मॅकमॅनसने पंचाच्या पाठीमागून काही खोडी केली की आजींच्या आधी हेच ओरडायचे. आजी विणकाम मांडीवर ठेवायच्या आणि मूठ आवळायच्या.

मग फुटबॉलचे निकाल. बीबीसीवर लेन मार्टिन एकेक सामना वाचत. पहिल्या संघाचे गोल सांगून दुसऱ्या संघाचं नाव घेताना आवाज असा चढायचा वा उतरायचा की आकडा येण्याआधीच हार, जीत की बरोबरी ते कळे. कोणते सामने बरोबरीत सुटतील यावर आजी दर आठवड्याला कूपन भरून पैसे लावत. तेवढा वेळ खोलीत कोणी बोलायचं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या निम्म्या गावांची नावं मी या निकालांतूनच शिकले, नकाशावरून नव्हे.

निकाल झाले की आजी एरवी उठत. त्या दिवशी बसून राहिल्या. मुलांसाठी 'डॉक्टर हू' ही अंतराळातल्या साहसांची बीबीसीची मालिका लागली, जॉन पर्टवी डॉक्टरचं काम करायचे तेव्हाची. कथा पेलाडन नावाच्या ग्रहावरची. आणि तिथे पेटले होते कोण, तर खाणकामगार! खालच्या अंधारात राबणारे, ज्यांचं वर कोणी ऐकत नाही असे. बाहेर खरा संप मिटून जेमतेम महिना झाला होता. आजींचे यजमान कोलव्हिलच्या कोळशाच्या खाणीत आयुष्य घालवून गेलेले. त्या विणकाम बंद करून शेवटपर्यंत बघत होत्या. मुलांना राक्षस दिसत होता, त्यांना दुसरंच काही दिसत असणार. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "बरं दाखवलं." आणि चहाचे कप स्वतः उचलून विसळायला गेल्या.

रात्री साडेनऊला ब्रायटनहून युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा, १७ देशांची. स्वीडनच्या अब्बा या गायकचमूचा वाद्यवृंद संचालक नेपोलियनच्या वेषात आला आणि झोपायला आलेली मुलं उठून बसली. ते जिंकणार हे गाणं संपायच्या आतच कळलं होतं. पण मी सावरून बसले ती पोर्तुगालची पाळी आली तेव्हा. माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं. १९६१ पर्यंत आमच्याकडे पोर्तुगीजांचं राज्य, ती भाषा लहानपणी कानावर पडलेली, ती बंद झाल्याला बारा वर्षं होऊन गेलेली. आणि लेस्टरच्या त्या खोलीत पाउलो द कार्व्हाल्यू नावाचा गायक त्या भाषेत गायला लागला. खोलीत बाकी कोणाला त्याचं काही नव्हतं. मतमोजणीच्या मध्यावर पेटीतले पैसे संपले. चित्र आक्रसत आक्रसत मध्ये एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. बेननी पदराची गाठ सोडून नाणं काढलं, तेव्हा पुढचं दिसलं. पोर्तुगालला सगळी मिळून तीन मतं. शेवटच्या नंबरात.

अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या रेडिओवर तेच गाणं लावलं गेलं. ती लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांची ठरलेली खूण होती. दुसऱ्या दिवशी तिथली हुकूमशाही संपली, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करार करून मान्य केलं. म्हणून त्या शनिवारची तारीख माझ्या ध्यानात आहे.

आता सांगा, यातलं काय मी स्वतः निवडलं असतं? नौकाशर्यत नाही, कुस्ती नाही, परग्रह तर नाहीच. युरोव्हिजनसुद्धा बेनना बघायचं होतं म्हणून लावलं. 'ताटात पडेल ते' म्हणताना लेखक विसरले की, वाढणाऱ्याला डावी-उजवी कळत असेल तर त्या ताटात चटणी-कोशिंबिरीपासून गोडापर्यंत सगळं येतं, आणि न आवडणारी भाजीही माणूस एकदा चाखून बघतो. आज माझ्या घरात चार माणसं चार पडद्यांवर चार गोष्टी बघतात. कोण काय बघतं ते एकमेकांना ठाऊक नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक विनंतीही आहे. बीबीसीने त्या काळात पुष्कळ फिती पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग आजही सापडत नाहीत. पण १९२३ पासूनच्या 'रेडिओ टाइम्स'मधल्या कार्यक्रमांच्या याद्या त्यांनी २०१४ मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या. फीत नसली तरी अमुक दिवशी अमुक वाजता काय लागलं होतं हे तरी कळतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आपण रोज छापत होतात ती 'आज टीव्हीवर'ची चौकट आपल्या जुन्या अंकांत असणारच. आपल्याकडच्याही किती फिती उरल्या असतील कोण जाणे. त्या चौकटी तेवढ्या वाचकांना इंटरनेटवर खुल्या कराव्यात.

१९७३ मध्ये पुण्यात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले, तेव्हापासून माझ्या सासूबाई पत्रातून 'आज हे पाहिलं, ते पाहिलं' कळवत. ती पत्रं घरं बदलताना गेली. त्याच शनिवारी, ६ एप्रिल १९७४ च्या संध्याकाळी, पुण्यातल्या आमच्या घरी त्या काय बघत बसल्या होत्या, ते मला शोधायचं आहे.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे