डिकीतला दिवा सापडवून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

रविवारी लावलेली गाडी गुरुवारी सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक करायची. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा एका गॅरेजवाल्याने बॅटरीच बदलली. तिसऱ्यांदा ती नवी कोरी बॅटरीही उतरली, आणि तुम्ही जंपर केबल घेऊन खाली आलात. मला वाटलं, गाडी सुरू झाली की काम संपलं.

तुम्ही मात्र मल्टिमीटर काढलात. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 14.2 व्होल्ट. "अल्टरनेटर बॅटरी भरतोय. मग गाडी उभी असताना कोणीतरी पितंय." रात्रभर बॅटरी चार्जरवर ठेवायला लावलीत आणि सकाळी पुन्हा हजर.

त्या सकाळची खरी शिकवण म्हणजे थांबणं. काच खाली करून दार उघडंच ठेवलंत, त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलंत, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय. किल्ली घरात पाठवलीत. निगेटिव्हची केबल सोडवून मीटर मधे जोडलात, वायर 10 अँपिअरच्या भोकात. आकडा तीन अँपिअरच्या आसपास. मी लगेच "सापडलं!" म्हणालो. तुम्ही म्हणालात, "अजून गाडी झोपली कुठंय?" गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स एकेक करून बंद होईपर्यंत अर्धा तास बसलो. मधेच मी मागचं दार उघडलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्याबद्दल तुम्ही अवाक्षरही काढलं नाहीत, याचे वेगळे आभार.

आकडा 0.43 अँपिअरवर येऊन थांबला. चांगल्या गाडीत तो 0.05 च्या आत हवा. दिवसाला दहा अँपिअर-तास, आणि बॅटरी 45 ची! रविवार ते गुरुवारचा हिशोब तिथेच लागला. फ्यूज उपटू दिला नाहीत, कारण परत बसवताना झोपलेलं काहीतरी जागं होतं. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांना मीटर लावून मिलिव्होल्ट बघत गेलात; जिथे आकडा दिसेल, त्या फ्यूजमधून करंट जातोय. सगळीकडे शून्य, आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर मात्र आकडा. केबिनमधले दिवे तर बंद होते.

मग माझा फोन व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवलात आणि डिकी लावलीत. तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय. झाकण बंद होतं, आणि माझी मोडकी छत्री, स्टेपनी, सगळं लख्ख उजेडात! लॅचमधला स्विच अडकला होता. पाच वॅटचा एवढासा बल्ब. तो काढल्यावर मीटरवर 0.03. घड्याळ नि लॉकला तेवढं लागायचंच.

स्विच बदलून घेतलाय. तीन आठवड्यांहून जास्त बाहेर जायचं असेल तर तुम्ही सांगितल्याप्रमाणे निगेटिव्ह सोडवून ठेवतो, आणि "रोज दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू करतो" हा माझा जुना उपाय बंद. जुनी बॅटरी ठणठणीत असणार याची हळहळ मात्र जात नाही.

एक कबुली. मीही मल्टिमीटर आणला आणि पहिल्याच दिवशी वायर अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्ट मोजायला गेलो. आतला फ्यूज उडाला. रविवारी घेऊन येतोय, घरी आहात ना?

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा