वाळवंटाची उंचीही छापावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटातल्या ट्रेलर (गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर) प्रवासावर आलेला लेख वाचला. हिवाळ्याआधीचे दोन महिने तिथे सुखाचे असतात, हे त्यातले म्हणणे खोटे नाही. पण कोणते गाव किती उंचावर आहे याचा त्यात उल्लेखच नसल्यामुळे ते अर्धवट राहिले आहे, आणि त्या अर्धवटपणाचा फटका आम्ही स्वतः खाल्ला असल्याने हे पत्र लिहीत आहे.

आम्हा बडोदेकरांना वाळवंट म्हटले की कच्छचे रण आठवते. ते समुद्रसपाटीला जवळजवळ टेकलेले आहे. तिकडचे वाळवंट मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते: फिनिक्स सुमारे ३३० मीटरवर, टुसॉन ७३० मीटरवर, आल्बुकर्की १,६०० मीटरवर, तर फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही कितीतरी वर. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि हवा कोरडी असल्याने सूर्य मावळताच उरलेली ऊबही निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरअखेरीस, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही मुलीकडे फिनिक्सला होतो. जावयांनी भाड्याचा ट्रेलर पिकअपला जोडला, मुलीने चिवड्या-चकलीचे डबे वरच्या फळीवर बसवले आणि आम्ही सुती कपड्यांत निघालो. फ्लॅगस्टाफपर्यंतचे अंतर जेमतेम २३० किलोमीटर. पण चढ असा की इंजिन तापू नये म्हणून जावयांनी एसी बंद केला. रात्री कॅन्यनच्या कड्याजवळ, नळ आणि विजेची जोडणी असलेल्या तळावर मुक्काम केला. पहाटे चहासाठी नळ सोडला, तर थेंब नाही. बाहेर जाऊन पाहतो तो तळावरच्या नळापासून ट्रेलरला जोडलेली पाण्याची नळी गोठून वेताच्या काठीसारखी ताठ झालेली. उचलली तरी वाकेना. दात घासण्यापासून चहापर्यंत सगळे बाटलीतल्या पाण्यावर भागवावे लागले. शेजारच्या ट्रेलरमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी मग समजावले की थंडीच्या रात्री नळी काढून, रिकामी करून आत ठेवायची आणि ट्रेलरच्या टाकीतले पाणी वापरायचे. चूक सर्वस्वी आमचीच होती, पण ती अज्ञानातली होती.

दुसरी चूक क्रमाची. आम्ही आधीचे पंधरा दिवस टुसॉनकडे सग्वारो निवडुंगांच्या रानात घालवले आणि थंडी वाढल्यावर वर चढलो. करायला हवे होते नेमके उलटे: ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उंचावरची ठिकाणे उरकायची आणि नोव्हेंबरात थंडीच्या पुढेपुढे खाली उतरत यायचे. मुरलेले ट्रेलरवाले हेच करतात. उत्तरेकडची राज्ये आणि कॅनडातून येणारी निवृत्त मंडळी (त्यांना तिथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात) हिवाळाभर ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटसारख्या सखल गावाबाहेर तळ ठोकतात. तिथल्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढा दीर्घ मुक्काम परवाना घेऊन करता येतो.

आपल्याकडचे आईवडील बहुधा एप्रिल-मेमध्ये मुलांकडे जातात आणि दसऱ्याच्या आत परततात. त्या महिन्यांत फिनिक्सचा पारा ४३ अंशांच्या वर जातो, शिवाय १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथलाही ‘मॉन्सून’. दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या ओढ्यातून अचानक येतो. तेव्हा प्रवास पुढे ढकलावा हा आपल्या लेखाचा सल्ला मला पूर्ण मान्य आहे.

विनंती एवढीच, की अशा लेखांसोबत प्रत्येक मुक्कामाची उंची आणि त्या महिन्यातले रात्रीचे सरासरी किमान तापमान देणारी लहानशी चौकट छापावी. दुपारचे तापमान सगळेच सांगतात. ट्रेलरमध्ये झोपणाऱ्याला रात्रीचे हवे असते. दांडिया बाजारातले आमचे एक स्नेही सप्टेंबरअखेरीस निघत आहेत आणि आपला लेख वाचून त्यांनी लोकरीचे कपडे बॅगेतून काढून ठेवले आहेत. ते निघण्यापूर्वी चौकट आली तर बरे होईल.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, बडोदे