शिकवायचं कसं, हे शिकवल्याबद्दल

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन उत्तम करणारे सर्जन पुष्कळ भेटतात. तेच ऑपरेशन दुसऱ्याच्या हातात उतरवणारे थोडे, आणि शिकवणारी माणसं घडवणारे त्याहून थोडे. मलावीतल्या जिल्हा रुग्णालयांत तुम्ही जे प्रशिक्षक तयार केलेत, त्यांच्यासोबत आम्ही रोज उभे असतो. तुमचे आभार एका ओळीत मानून भागणार नाही. नेमके कशाकशाबद्दल, ते लिहायलाच हवं; शिवाय दुसरीकडे शिकवणाऱ्यांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 साली सांगितलं की जगात वर्षाला होणाऱ्या सुमारे 31 कोटी 30 लाख शस्त्रक्रियांपैकी सर्वांत गरीब एक तृतीयांश लोकसंख्येच्या वाट्याला जेमतेम 6 टक्के येतात. बाहेरची टीम पंधरा दिवस येऊन धडाधड ऑपरेशनं करून गेली, तरी ही तूट हलत नाही. मलावीत जिल्हा पातळीवर सिझेरियनचं बहुतेक काम क्लिनिकल ऑफिसर करतात. एमबीबीएस नसलेली, पण वर्षानुवर्षं रात्रपाळीचं ऑपरेशन थिएटर सांभाळणारी ही माणसं. तुम्ही आलात ते त्यांच्यासाठी, आणि आल्या आल्या सांगितलंत की किती रुग्ण झाले हे विचारू नका, आपण गेल्यावर इथे शिकवणारे किती राहतील ते विचारा.

सुरुवात गाठींपासून झाली, तेही रुग्णापासून दूर. लाकडी फळी, दोन हुक, एक लाल आणि एक पांढरी जाड दोरी. दोन रंग कशाला, हे पहिल्याच गाठीत कळतं. चौरस गाठ बरोबर बसली की एका रंगाचा फास दुसऱ्याच्या फासात सपाट बसतो आणि प्रत्येक टोक आपल्याच दोरीला समांतर निघतं. दुसऱ्या वेढ्याला दिशा बदलायची राहिली, तर टोकं आडवी, काटकोनात फिरतात आणि ताण दिला की गाठ सरकते. काळ्या बारीक धाग्यात ही चूक दिसत नाही. ती दिसते रात्री दोन वाजता, बांधलेली रक्तवाहिनी सुटल्यावर.

सर्जन रॉडनी पेटन यांच्या चार पायऱ्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेल्या असतात. तुम्ही त्या पाळायला लावल्यात. पहिल्यांदा प्रशिक्षक नेहमीच्या वेगाने, एकही शब्द न बोलता करून दाखवतो. मग तेच सावकाश, कारणं सांगत. तिसऱ्या वेळी शिकणारा सांगतो आणि प्रशिक्षकाचे हात तेवढंच करतात. चौथ्या वेळी शिकणारा सांगतो आणि स्वतः करतो. बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीत प्रशिक्षकाच्याने गप्प राहवत नाही, आणि वेळ कमी पडला की तिसरी गाळली जाते. तिसरीबद्दल तुमचा आग्रह आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. शिकणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र चुकीचं असेल तर ते तिथेच, त्याच्या तोंडून बाहेर पडतं, आणि तोवर हातात चाकू नसतो. एका प्रशिक्षकामागे चारच जण, हाही नियम तुम्ही सैल होऊ दिला नाहीत. पाचवा आला की तो प्रेक्षक होतो.

मग जांघेतला हर्निया, म्हणजे पोटातला भाग स्नायूंच्या कमकुवत जागेतून बाहेर डोकावणं. जाळी लावून करायच्या लिक्टेनस्टाइन पद्धतीचे बारीक तुकडे करून कागदावर मांडायला लावलंत. अनुभवी माणसाचा हात इतक्या गोष्टी आपोआप करतो की त्या सांगायच्या असतात हेच तो विसरतो. ‘जाळी नीट बसव’ हे वाक्य तुम्ही बाद केलंत. त्याऐवजी: जाळी प्युबिक ट्यूबरकलच्या (जांघेच्या आतल्या टोकाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्याच्या) पुढे दीड ते दोन सेंटीमीटर जायलाच हवी, कारण हर्निया परत होतो तो बहुधा त्याच कोपऱ्यातून. टाका हाडाच्या आवरणात घ्यायचा नाही, नाहीतर दुखणं कायमचं मागे लागतं. जाळीच्या एका टोकाला चीर देऊन दोन शेपट्या कापताना वरची दोन तृतीयांश, खालची एक तृतीयांश. जाळी ताणून बसवायची नाही, किंचित सैल, कारण आडवा असलेला माणूस उद्या उभा राहणार, खोकणार, आणि जाळी काही काळाने आक्रसतेही. तीन नसा शोधायच्या आणि प्रत्येकीचं नाव मोठ्याने घ्यायचं. असं लिहिलं की प्रशिक्षकाला नेमकं काय बघायचं ते कळतं आणि शिकणाऱ्याला कुठे चुकलं ते.

भुलेचा हिशोब फळ्यावर, सुई टोचण्याआधी. पन्नास किलोचा माणूस, अॅड्रेनलिनसह लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध किलोला 7 मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त 350. बाटली 2 टक्क्यांची, मिलीला 20 मिलिग्रॅम. म्हणजे साडेसतरा मिलीवर हद्द संपली. जांघेला मात्र 40 ते 60 मिली द्रव लागतो. हिशोब न करणारा इथेच दुसरी बाटली फोडतो. सलाईन घालून ते अर्ध्या टक्क्यावर आणलं तर तेवढ्याच औषधात 70 मिली होतं. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज ही विषबाधेची पहिली खूण. झटके त्यानंतर येतात. म्हणून ऑपरेशनभर रुग्णाशी बोलत राहण्याचं काम एका सिस्टरकडे नेमून द्यायचं, हे तुमच्यामुळे इथे रुजलं.

जाळीबद्दल लिहिताना आम्हा मराठी माणसांना थोडा अभिमान वाटतो, तो दडवत नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी हर्नियासाठी वापरली आणि 2003 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशाच जाळीची युगांडात 302 रुग्णांवर झालेली चाचणी 2016 साली छापून आली, आणि वर्षभरानंतर स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. पण स्वस्त म्हणजे कसंही नव्हे. कापड कीटकनाशक न लावलेलंच हवं. पॉलिइथिलीनची जाळी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर टिकते. घाईत कोणी 134 चं चक्र लावलं तर ती आक्रसून किंवा वितळून वाया जाते. हे ठाऊक हवं ते ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्याला, आणि तुम्ही त्यालाही वर्गात बसवलंत. असा विचार करणारे प्रशिक्षक फार नाहीत.

पदवीपेक्षा शिक्षण मोठं, याला आता आधारही आहे. सिएरा लिओनमध्ये डॉक्टर आणि असोसिएट क्लिनिशियन (इथल्या क्लिनिकल ऑफिसरांसारखे, डॉक्टरची पदवी नसलेले) या दोघांनाही हीच पद्धत शिकवून तुलना केली, तेव्हा वर्षभरात हर्निया परत येण्याचं प्रमाण असोसिएट क्लिनिशियनांकडे 0.9 टक्के आणि डॉक्टरांकडे 6.9 टक्के निघालं. संख्या लहान आहे, त्यावरून डॉक्टर कमी ठरत नाहीत. नीट शिकवलेला क्लिनिशियन सुरक्षित असतो, इतकं मात्र ठरतं.

सगळ्यांत अवघड धडा हात मागे ठेवण्याचा. प्रशिक्षकाने पहिल्या मदतनिसाच्या जागी उभं राहायचं. आपण केव्हा हातात घेणार ते आधीच, हात धुताना, शिकणाऱ्याला सांगून ठेवायचं: जांघेच्या लिगामेंटमधला टाका खोल जाऊन काळं रक्त भळभळलं, किंवा समोर काय आहे ते दोघांनाही ओळखता येईना, तर. बाकी वेळी शब्दांनी. ‘अरे, असं नाही’ म्हणण्याऐवजी ‘सुई टोकापासून दोन तृतीयांशावर धर, कातडीत काटकोनात घाल’. आणि पहिल्या काही रुग्णांची निवड प्रशिक्षकाने स्वतः करायची: सडपातळ माणूस, आत ढकलता येणारा, पहिल्यांदाच झालेला हर्निया. अंडकोषात उतरलेला जुना हर्निया शिकाऊ हाताला देणं हा रुग्णावर अन्याय, शिकणाऱ्यावरही.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मागच्या बाकावर बसलात आणि पूर्ण सत्र इथल्या क्लिनिकल ऑफिसरांनी चिचेवा या इथल्या भाषेतून घेतलं. तुम्हाला भाषा कळत नव्हती, तरी दुभाषी घेतला नाहीत. त्यांच्या हातांकडे बघून टिपणं काढलीत आणि नंतर प्रत्येकाला एकच सुधारणा सांगितलीत. एका वेळी एकच. आता नवे प्रशिक्षक हेच करतात.

तुमच्या पायऱ्यांच्या कागदात त्यांनी बदल केला आहे. नसा शोधण्याची पायरी एक होती, तिच्या तीन केल्या, कारण तिथेच सगळे घाई करत होते. वीज गेल्यावर डायथर्मीशिवाय (विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणाऱ्या यंत्राशिवाय) रक्त थांबवण्याची एक नवी जोडली. चिचेवातली प्रत आणि तिचा मराठी तर्जुमा सोबत पाठवत आहोत. सवडीने बघा, आणि जिथे पटणार नाही तिथे खूण करून परत पाठवा.

तुमचे ऋणी,
मलावीतल्या जिल्हा रुग्णालयांत काम करणारे मराठी डॉक्टर